खुराड्यांतील कीड आणि नागपूरची थंडी



गांधीबाग म्हटलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांसमोर कापडाचे गठ्ठे, हातगाड्या आणि ठोक व्यापाऱ्यांचीं दुकानें उभीं राहतात. तेथें कोंबड्यांचें काय काम, असा प्रश्न कोणासहि पडेल. परंतु त्या दुकानांच्या मागें ज्या बोळी आहेत, त्यांत अजूनहि कांहीं जुनीं घरें तग धरून आहेत. घरामागें चार हात कां होईना परसदार आहे, आणि एखाद्या परसदारांत एखादें खुराडेंहि आहे. माझ्या घरीं तें आहे. मी पशुवैद्य नव्हे. सारा जन्म शाळेंत मुलांना गणित शिकविण्यांत गेला, आणि कोंबड्या हा निवृत्तीनंतरचा नाद. तेव्हां आज मी जें सांगणार आहें, त्यांतील थोडें पुस्तकांतून आलें आहे, थोडें जाणत्या पशुवैद्यांच्या तोंडून, आणि उरलेलें माझ्याच एका चुकींतून. ती चूक मजपेक्षां माझ्या शेजारणीस अधिक महाग पडली, म्हणून प्रथम तीच सांगतों.

२०१८ सालचा डिसेंबर महिना पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या महिन्याच्या २९ तारखेस नागपुरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. शहराच्या नोंदींत त्याहून थंड रात्र तोंवर नव्हती. आमच्या शेजारीं एक मावशी राहतात. दुकानांतून साड्या आणावयाच्या, त्यांना फॉल लावून परत द्यावयाच्या, हा त्यांचा उद्योग. आणि त्याच्या जोडीला आठ कोंबड्या. अंड्यांचा पैसा त्या एका वेगळ्या डब्यांत टाकीत, आणि त्या डब्यांतून नातवाच्या शिकवणीची फी जात असे. दिवाळीनंतर डबा रिकामा राहूं लागला. आठ कोंबड्यांमागें दिवसाला एक अंडेंहि मिळेना. मावशी म्हणाल्या, "थंडीनं बसल्या जी गुरुजी. संक्रांत झाली का मंग देतील." मींहि मान डोलावली.

मान डोलाविण्यास कारणहि होतें. कोंबडीचें अंडें देणें थंडीपेक्षां उजेडावर अधिक अवलंबून असतें. भरपूर अंडीं देण्यास तिला दिवसाकाठीं सुमारें चौदा तास उजेड लागतो, आणि डिसेंबरांत आपल्याकडील दिवस अकरा तासांहूनहि थोडा लहान असतो. शिवाय याच सुमारास जुनीं पिसें झडून नवीं येतात. त्यामुळें हिवाळ्यांत अंडीं कमी होणें स्वाभाविक आहे. पण जें स्वाभाविक आहे त्याच्या आड रोग उत्तम लपतो. मावशींच्या कोंबड्यांचे तुरे फिके पडले होते. दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यांत शिरणाऱ्या कोंबड्या आतां भिंतीवर जाऊन बसत, आणि त्यांना हांकून आंत घालावें लागे. अंडीं काढण्यास हात घालणाऱ्या नातवाच्या मनगटावर तांबडे पुरळ उठत. हीं तिन्ही चिन्हें आम्ही रोज पाहत होतों, आणि तिन्हींचें खापर थंडीवर फोडीत होतों. उपायहि थंडीवरच केला. मावशींनीं खुराड्याला चहूंकडून गोणपाट गुंडाळलें, त्यावर ताडपत्री घातली, आणि आंत तणसाचा वीतभर थर दिला.

शेवटीं एके दिवशीं मीं एका कोंबडीच्या शेपटीखालील पिसें बाजूला सारून पाहिलीं. पिसांच्या मुळाशीं काळपट मळ साचल्यासारखा दिसला. आणि पाहतां पाहतां तो मळ चालूं लागला.

मग मीं तेंच केलें जें घाईंत पुष्कळ लोक करतात. जनावरांच्या गोचिडांवर एक पातळ औषध मिळतें, तें एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलें. बाटलीवर कोंबडीचें नांवहि नव्हतें. बादलीभर थंड पाण्यांत तें अंदाजानें ओतलें, आणि संध्याकाळीं, कारण दिवसा मावशींना सुईदोऱ्यांतून सवड नव्हती, एकेक कोंबडी मानेपर्यंत बुडवून काढली. आठहि कोंबड्या ओल्या अंगानें खुराड्यांत गेल्या. सकाळीं दोन मेलेल्या निघाल्या. मावशी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं तो डबा उचलून फळीच्या आंतल्या बाजूला सारला, आणि तें मला चार शब्द ऐकण्यापेक्षां अधिक लागलें. दहा दिवसांनीं पाहतों तों उरलेल्या सहांच्या अंगावर पुन्हां तोच चालता मळ!

दोन कोंबड्या कां मेल्या आणि कीड कां परतली, हे दोन्ही प्रश्न घेऊन मी एका पशुवैद्यांकडे गेलों. पहिल्याचें उत्तर त्यांनीं एका वाक्यांत दिलें: कोंबड्या किडीनें नव्हे, पाण्यानें मेल्या. कोंबडीच्या शरीराची उष्णता ४१ ते ४२ अंश असते, म्हणजे आपल्यापेक्षां चार-पांच अंश जास्त. ती उष्णता राखतात पिसें, आणि खरें म्हणजे पिसांमध्यें कोंडलेली कोरडी हवा. पिसें मुळापर्यंत भिजलीं कीं ती हवा गेली, आणि थंडीच्या रात्रीं कोंबडी उघडी पडली. त्यांतून किडीनें रक्त शोषून अगोदरच अशक्त केलेली कोंबडी असेल तर तिच्याजवळ रात्र काढण्यापुरतेंहि बळ उरत नाहीं. औषधाचें प्रमाण चुकल्यानें त्यांत विषाचीहि भर पडली असेल. तें माझ्या अंदाजाचें फळ.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं ही कीड काय आहे तें थोडें समजून घेतलें पाहिजे. ती ऊ नव्हे आणि पिसूहि नव्हे. त्यांना सहा पाय असतात. वाढलेल्या किडीला आठ. ती कोळ्याच्या आणि गोचिडाच्या गोत्रांतली, म्हणून तिला कोळीकीड म्हणतात. आकारानें ती खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. कोंबडीचें रक्त पिणाऱ्या या किडीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पहिली कोंबडीच्या अंगावरच जन्मते, तेथेंच अंडीं घालते आणि तेथेंच मरते. शेपटीखालीं गुदद्वाराभोंवतीं तिचें ठाणें असतें. दुसरी तऱ्हा अधिक धूर्त. ती दिवसा कोंबडीला शिवतहि नाहीं. खुराड्याच्या फटींत, बसावयाच्या दांडीच्या खालच्या बाजूस, बांबूच्या पेऱ्यांत ती दडून राहते, रात्रीं बाहेर पडून पोटभर रक्त पिते, तांबडीलाल होते, आणि उजाडण्यापूर्वीं परत फटींत जाते. म्हणून दिवसा कोंबडीचें अंग तपासून "कांहीं नाहीं" म्हणणारा हमखास फसतो. हवा अनुकूल असली कीं दोन्ही तऱ्हांची नवी पिढी आठवडा-दीड आठवड्यांत तयार होते. पहिल्या तऱ्हेची कीड एकेका कोंबडीवर वीस हजारांहून अधिक झाल्याचें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. इतक्या तोंडांनीं रोज रक्त प्यायल्यावर तुरा फिका पडेल नाहीं तर काय!

मावशींच्या खुराड्यांत या दोन्ही तऱ्हा नांदत होत्या. मीं औषध कोंबड्यांना लावलें. घराला लावलें नाहीं. तेव्हां कीड परत आली असें म्हणणेंहि चूक. ती कोठें गेलीच नव्हती.

आतां थंडीविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं कडक थंडी पडली कीं किडे आपोआप मरतात. बर्फाच्या देशांतहि हें पुरतेंपणीं खरें नाहीं. तेथें फटींतली तांबडी कीड गारठून स्वस्थ बसते, पण मरत नाहीं. थंड जागीं अन्नावांचून ती आठ-नऊ महिने काढूं शकते. मग आपल्या नागपूरच्या थंडीची काय कथा? रात्रीं बारा-तेरा अंश, एखाद्या लाटेंत त्याहून खालीं, आणि दुपारीं पुन्हां अठ्ठावीस. अशी हवा किडीला शिक्षा नसून सहल आहे. जी कीड कोंबडीच्या अंगावरच राहते तिला तर ४१ अंशांची शेगडी चोवीस तास पायांखालीं असते. ती थंडीच्या महिन्यांतच वाढते आणि उन्हाळ्यांत कमी होते. तांबड्या किडीलाहि खरा काळ म्हणजे आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांच्या वर ती जगत नाहीं. नागपूरच्या उन्हाळ्याची आपण जन्मभर निंदा करतों, परंतु खुराड्याच्या दांड्या, फळ्या, टोपल्या मे महिन्याच्या दुपारीं पत्र्यावर उन्हांत टाकून पाहा. पैसा न घेतां तो जें काम करतो तें कोणतेंहि औषध करणार नाहीं.

आणि तें गोणपाट? त्याच्याविषयीं मला सर्वांत अधिक बोलावयाचें आहे, कारण थंडीच्या दिवसांत खुराडें गुंडाळणें ही दयेची गोष्ट वाटते. गोणपाटाच्या विणींत जितकीं भोंकें तितकीं किडीचीं घरें. वरून ताडपत्री घातली कीं कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आंतच कोंडते, तणस ओलसर होतें, आणि सकाळीं दार उघडतांच नाकाला झोंबणारा उग्र दर्प येतो. तो दर्प कोंबड्यांच्या फुप्फुसांना अपाय करतो. कोरड्या अंगाच्या, धडधाकट, मोठ्या कोंबडीला दहा अंशांची थंडी मुळींच बाधत नाहीं. तिला बाधतो तो ओलावा आणि अंगावर सरळ येणारा वारा. म्हणून वारा येतो त्या एकाच बाजूला आडोसा करावा. समोरच्या बाजूस छपराखालीं चार बोटें जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वाफ निघून जाते आणि वारा अंगावर येत नाहीं. आडोशाचें तरट रोज सकाळीं काढून झटकून उन्हांत टाकावें. पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांना ऊब हवीच.

उपायासाठीं निरभ्र दिवस निवडावा आणि सकाळीं अकरा ते दुपारीं तीन या वेळांत काम उरकावें, म्हणजे संध्याकाळपर्यंत सर्व कोरडें होतें. कोंबड्या बाहेर सोडून खुराडें रिकामें करावें. जुनें तणस पोत्यांत भरून, तोंड घट्ट बांधून दूर न्यावें. शेजाऱ्याच्या कुंपणाशीं टाकूं नये, नाहींतर आपली कीड त्याच्या घरीं पाहुणी. मग दांड्या, फळ्या, सांधे यांवर उकळतें पाणी ओतावें. हें मोठ्या माणसानें करावें. मुलांना जवळ येऊं देऊं नये. बांबूच्या दांड्या असतील तर त्या काढून टाकणेंच बरें. आपल्या भागांत गडचिरोली-चंद्रपूरकडील बांबू सहज मिळतो, म्हणून खुराड्यांत सर्रास तोच असतो. पण चिरलेल्या बांबूइतका किडीला आवडणारा वाडा दुसरा नाहीं. भरीव लांकडाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली दांडी बसवावी. सर्व वाळल्यावर ताज्या विरवलेल्या चुन्याचा दाट हात फटींत भरेल असा द्यावा. चुना वाळला कीं दांडीच्या दोन्ही टोकांना, जेथें ती खोबणींत बसते तेथें, जवसाचें किंवा कोणतेंहि खाण्याचें तेल चोपडावें. रात्रीं फटींतून निघालेली कीड त्या तेलांत गुदमरते.

हें झालें घराचें. कोंबडीच्या अंगाला थंडीच्या दिवसांत पाणी लावूंच नये. जें लावावयाचें तें कोरडें. कोंबड्यांसाठीं म्हणून ज्यावर छापलें आहे अशी भुकटी पशुवैद्यांच्या चिठ्ठीनें घ्यावी, दुपारीं कोंबडी उलटी धरून शेपटीखालीं आणि पंखांच्या बगलेंत पिसांच्या मुळांपर्यंत चोळावी, आणि अंडीं किती दिवस खाऊं नयेत हेंहि त्याच वेळीं विचारून घ्यावें. परंतु कोंबडीला स्वतःचें औषध निसर्गानें दिलेलें आहे. ती मातींत लोळते, पंखांनीं धूळ अंगावर उडवून घेते. उन्हाळ्यांत तिला अशी माती हवी तेथें मिळते. शहरांतल्या फरशीच्या परसदारांत, हिवाळ्याच्या दंवांत मिळत नाहीं. म्हणून एक उथळ पेटी करून ती उन्हांत, पण छपराखालीं ठेवावी. मी दहा भाग कोरडी बारीक माती व चाळलेली थंड राख आणि एक भाग शेतीच्या दुकानांत मिळणारी गंधकाची भुकटी असें मिश्रण ठेवतों. हा उपाय आजीबाईचा वाटेल. पण अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथील विद्यापीठांत या धूळपेट्यांची रीतसर परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले, आणि गंधक घातलेल्या पेटीनें कोंबड्यांवरील कीड जवळजवळ नाहींशी झाल्याचें त्यांत दिसून आलें. मिश्रण करतांना मात्र नाकातोंडावर फडकें बांधावें आणि डोळे जपावे.

येथवर केलें आणि मनुष्य स्वस्थ बसला, तर पंधरा दिवसांत सर्व श्रम वायां जातात. भुकटी चालत्या किडीला मारते; तिच्या अंड्यांना मारीत नाहीं. तीं थोड्या दिवसांत फुटतात, आणि बाहेर पडलेली कीड मोठी होऊन स्वतः अंडीं घालावयाच्या आंत तिला गांठावी लागते. म्हणून सातव्या दिवशीं पुन्हां आणि चौदाव्या दिवशीं पुन्हां, असे तीन वेळ सर्व करावें. हें साधें गणित आहे, आणि आयुष्यभर गणित शिकवूनहि तें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

कीड गेली कीं नाहीं हें ओळखण्याची एक युक्ति सांगतों. गांधीबागेंत तिला लागणारें साहित्य पैशाला पासरी. मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा घ्यावा. अंधार पडून दोनेक तास झाल्यावर तो दांडीच्या खालच्या बाजूनें दाबून ओढावा आणि दिव्याखालीं पाहावा. कीड असेल तर कापडावर रक्ताच्या बारीक रेघा उमटतात. पहिल्या रात्रीं मावशींच्या खुराड्यांतील तुकडा कुंकवांत बुडविल्यासारखा निघाला होता.

आतां कांहीं गोष्टी करूं नयेत अशा. कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्या आमच्या भागांत घरोघर असतात, आणि "किडीला वासच नको" म्हणून त्या अंडीं घालावयाच्या टोपलींत टाकणारे लोक मीं पाहिले आहेत. बंद खुराड्यांत रात्रभर ती वाफ कोंबडीच्या पोटांत जाते. ती विषारी आहे, आणि अंड्यालाहि तिचा वास लागतो. घासलेट अंगाला चोळूं नये, कातडी भाजते. जुन्या घरांच्या माळ्यावर गॅमेक्सीनची एखादी पुडी अजून सांपडते. ज्या रसायनाची ती भुकटी त्यावर १९९७ पासून आपल्या देशांत बंदी आहे, ती वापरण्याचा मोह धरूं नये. २०१७ सालीं युरोपांत काय झालें तें आठवावें. हॉलंडांत कोंबड्यांच्या खुराड्यांतील तांबडी कीड मारण्यासाठीं सुगंधी वनस्पतितेलाचें म्हणून जें औषध फवारलें, त्यांत फिप्रोनिल नांवाचें, अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांना तेथें मना असलेलें विष मिसळलेलें होतें. तें अंड्यांत उतरलें, आणि अनेक देशांतील दुकानांतून लाखों अंडीं काढून नष्ट करावीं लागलीं. जेथें तपासणीची एवढी व्यवस्था तेथें हा प्रकार. आपल्या परसदारांतील अंडें तर थेट नातवाच्या ताटांत जातें.

पायांच्या खवल्यांखालीं शिरणारी एक तिसरी कोळीकीड आहे. तिनें पाय जाड आणि चुनखडीसारखे खरखरीत होतात. त्यांना दर दोन-तीन दिवसांनीं तेल किंवा व्हॅसलीन चोपडीत राहावें. महिनाभरांत खवले गळून नवे येतात. जुन्या माळवदाखालीं पारव्यांचीं, चिमण्यांचीं घरटीं असतात, तेथूनहि कीड उतरते. पिल्लें उडून गेल्यावर रिकामें घरटें काढून टाकावें, भरलेल्याला हात लावूं नये. आणि एक सावधगिरी. किडीनें कोंबडी हळूहळू झिजते. एकाएकीं चार-सहा कोंबड्या मेल्या, माना वळल्या, तुरे निळे पडले, तर तो किडीचा खेळ नव्हे. ती मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें कोंबड्या अशाच भराभर मेल्या होत्या. अशा वेळीं मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानें शिवूं नये आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत तात्काळ कळवावें. आपल्या शहरांत तर १९५८ पासून सेमिनरी हिल्स येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें मुख्यालयहि येथेंच आहे. कोंबडीसाठीं कोण एवढें जातो, असें म्हणून आपण घरीं बसतों, हा दोष आपला.

मावशींकडे आम्ही जानेवारींतील तीन रविवार हें काम केलें. मावशींनीं पाणी उकळलें, मीं चुना दिला, नातवानें राख चाळली. अशक्त कोंबड्यांना भिजविलेली ज्वारी, हिरवा पाला आणि थोडी सोयाबीनची ढेप देत होतों. सहांपैकीं एक पहिल्याच आठवड्यांत गेली. ती फारच खंगली होती. पांच उरल्या. दुसऱ्या रविवारीं मांजरपाटावर दोन-तीन रेघा आल्या. तिसऱ्या रविवारच्या रात्रीं आम्ही तिघे कंदिलासारखी बॅटरी धरून खुराड्यापाशीं बसलों, मावशींनीं दांडीखालून तुकडा ओढला आणि दिव्यापुढें धरला. उलटसुलट करून पाहिला. नातवानें डोळ्यांशीं नेऊन पाहिला. कापड कोरें होतें.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत मावशी स्वतः एका वाटींत चार अंडीं घेऊन आमच्या दारीं आल्या. मीं पैसे पुढें केले तेव्हां त्या म्हणाल्या, "हे घ्या जी तुम्ही. उद्यापासून मंग पैसे घेईन." आणि जातां जातां उंबऱ्यावर थांबून विचारूं लागल्या, कीं तो मांजरपाट आतां धुऊन पिशवी शिवावी, कीं पुढच्या थंडीसाठीं ठेवावा. मीं म्हटलें, ठेवा.